इन्सुलिनची सुई घेतल्यावर किती वेळात साखर उतरते?

नागपूरहून प्रश्न आहे: बाबांना ३०/७० इन्सुलिन सुरू झालंय, असर किती वेळात होतो?

साधं ह्यूमन (माणसाच्या शरीरातल्यासारखं) ३०/७० असेल तर सुमारे अर्ध्या तासात. म्हणून सुई जेवणाच्या ३० मिनिटं आधी. त्यातला ७० टक्के भाग संथ असतो. तो दीड-दोन तासांनी सुरू होऊन बारा तासांहून जास्त चालतो. अ‍ॅस्पार्ट, लिस्प्रो ही झटपट इन्सुलिनं १०-१५ मिनिटांतच लागू पडतात, ते घेऊन जेवण लांबवू नका. ग्लार्जिन हे संथ इन्सुलिन दिवसभर पुरतं.

३०/७० ढगाळ असतं. बाटली तळहातांत दहादा हलकेच फिरवा, दहादा उलटसुलट करा. तळाशी पांढरा थर राहिला तर डोस चुकतो. गुठळ्या दिसल्या तर फेकाच. ४० युनिटच्या (दर मिलीला ४० युनिट) बाटलीला ४० चीच सिरिंज (लाल टोपी).

आणि आपल्याकडचा मे महिना! ४५ अंशांत गाडीच्या डिक्कीत राहिलेलं इन्सुलिन निकामी होतं. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. उघडलेली ३० अंशांखाली. फ्रिज नसेल तर बाटली पिशवीत बांधून माठात.

घाम, थरथर, रक्तातली साखर ७० (mg/dL) खाली: लगेच तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा.