३४ किलोच्या जर्मन शेफर्डसाठी मागच्या सीटचं कव्हर झोळीचं घ्यावं की कडक तळाचं?

झोळीचं घेऊ नका. तुमचा शेफर्ड ८ वर्षांचा आहे, कंबरेत अधू झालाय आणि वळणावर सीटवरून घसरतो, असं तुम्हीच लिहिलंय. पुढच्या-मागच्या हेडरेस्टला अडकवायचं ते कापड सीट स्वच्छ ठेवतं, कुत्र्याला आधार देत नाही. पॉमेरियनला चालेल.

आमची चेरी लॅब्रॅडॉर, वजन ३६ किलो. आम्ही चाळीसगावचे. तिच्या खुब्याचा एक्स-रे काढायला छत्रपती संभाजीनगरला नेलं होतं. गाडी मोठा भाऊ चालवत होता. मागे नवंकोरं वॉटरप्रूफ झोळीचं कव्हर. जाताना घाट चढायचा, म्हणून ती पाठीला टेकून निवांत पडून राहिली. येताना कन्नड घाट उतरायला लागलो आणि दर वळणाला ब्रेक लागला की ती पुढे सरकायची. पुढच्या-मागच्या सीटमधली जागा पोकळ, तिथे वजन पडलं की कापड खाली बसायचं. नखं रुतवून ती उभी राहायला बघायची, पण पायाखाली घट्ट काही नव्हतंच. मग समोरून ट्रक आला, भावाने कचकन ब्रेक दाबला, पुढचा एक पट्टा सुटला आणि चेरी कंबरेवर त्या फटीत पडली. ती ओरडली नाही, नुसती थरथरत होती. घाटात गाडी कुठे थांबवणार? पायथ्यापर्यंत मी मागे वळून तिचं डोकं हातात धरून होतो. पुढचे चार दिवस तिने उजवा मागचा पाय टेकला नाही.

घरी आल्यावर मी म्हणालो, खाली फळी हवी. भाऊ म्हणाला, "तुन्हा कुत्रा काय नवरदेव शे का? आपले बैल ट्रॉलीत उभे जायचे, त्यांना कुठे गादी होती?" हे वाक्य मला आजही सलतं, कारण ते खोटं आहे. वडील बैल ट्रॉलीत चढवायच्या आधी पाचट अंथरायचे, खूर घसरू नये म्हणून. दावं आखूड बांधायचे, बैल हिंदकळू नये म्हणून. तळ घट्ट आणि खाली पकड, हे वडिलांना कळत होतं. दादा हे वाचत असेल तर त्याने ते पाचट आठवावं.

तर आधी फट भरा. बाजारात आत कडक पाटी शिवलेली कव्हरं मिळतात, पण विकत घेताना पाटी सीटवर नाही, फटीवर येते का आणि किती किलो पेलते ते विचारा. फटीवर हाताने जोर दिला आणि मध्ये वाकली तर परत करा. मी सुताराकडून १८ मिलिमीटरच्या प्लायची फळी करून घेतली, खाली पाय ठेवायच्या जागेत टेकतील असे चार खुंट लावले. मधला उंचवटा सोडून खुंट येतील हे बघा. वर दाट फोम घ्या. मऊ गादीत म्हातारा कुत्रा रुततो आणि उठताना कंबर आणखी दुखते. कव्हरला खालून रबरी पकड हवी, बेल्टच्या बकलसाठी फट हवी, आणि पुढच्या पडद्याला जाळी हवीच, नाहीतर एसीचा वारा मागे पोचत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. त्या उन्हात रेक्झिन भाजतं, म्हणून वर सुती गोधडी टाका.

एक राहिलंच. फळीने घसरणं थांबतं, अपघातात कुत्रा सुरक्षित राहत नाही. त्यासाठी छातीचा हार्नेस सीटबेल्टला अडकवा. गळ्यातला पट्टा कधीच नाही, झटका थेट मानेला बसतो. फळीही पट्ट्याने बांधा, सुटी राहिली तर तीच अंगावर येईल. मागच्या सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर ती बाजू झाकू नका. आणि चढण्या-उतरण्याला उतरती फळी ठेवा, शेफर्डला उडी मारायला लावू नका.

माप घेताना पुढची सीट तुम्ही गाडी चालवताना असते तितकी मागे ठेवा, मगच टेप लावा.