‘आजीवन’ म्हणजे कुणाचं आजीवन?

प्रश्न : माझा सतरा वर्षांचा बोका मन्या गेल्या महिन्यात गेला. मूत्रपिंडं निकामी झाली होती, शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला इंजेक्शन द्यावं लागलं. रात्री साडेअकराला दवाखान्यातच प्राण्यांचे अंत्यविधी करणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला. टॉवेलात गुंडाळलेला मन्या मांडीवर होता आणि मी मोबाइलवर बोटाने सही केली. पॅकेजमध्ये पॉलिश केलेली लाकडी पेटी, आत सॅटिनचं अस्तर, दफनाचं थेट प्रक्षेपण, फोटो कोरलेला संगमरवरी दगड, ‘आजीवन स्मृतिस्थळ’ आणि वार्षिक देखभाल. निम्मे पैसे तेव्हाच दिले. दुसऱ्या दिवशी दफन झालं. दगड अजून बसलेला नाही. आता उरलेल्या पैशांसाठी फोन येतात. पन्नास वर्षांची देखभाल एकरकमी भरा, पुढे तुमची रक्षाही मन्याशेजारी ठेवायची सोय करू, असंही सांगतात. मुलगी म्हणते, ‘बाबा, तुम्हाला गंडवलंय, आता एक पैसाही देऊ नका. आणि पेटीत मन्याच होता कशावरून?’ तेव्हापासून झोप उडाली आहे. पैसे द्यावे लागतील का? आणि खरं सांगा, हा खर्च करण्याजोगा होता का?

उत्तर : कराराची प्रत पाठवलीत ते बरं केलंत. चौदा कलमं आहेत. मी ती दिवसाउजेडी, चष्मा लावून, दोनदा वाचली. तुम्ही ती रात्री साडेअकराला वाचली नाहीत यात नवल काहीच नाही. तुम्ही कुठून लिहिताय हे पत्रात नाही, आणि मराठी वाचक आज कुठेही असू शकतो. म्हणून बहुतेक ठिकाणी लागू पडेल असंच सांगते. मुदती मात्र तुमच्या तिथल्या वकिलाकडून तपासून घ्या.

मुलीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. चुकीचं अर्धं आधी सांगते : दफनाचे, पेटीचे आणि मन्याला नेण्या-आणण्याचे पैसे तुम्हाला द्यावे लागतील. काम सांगितलं, काम झालं, ते पुरलेलं परत करता येत नाही. ‘मी दुःखात होतो’ एवढ्यावर करार मोडत नाही. शुद्ध नसणं वेगळं आणि मन थाऱ्यावर नसणं वेगळं. कायदा पहिल्याला मानतो, दुसऱ्याला सहसा नाही. दुसऱ्याचा कुणी गैरफायदा घेतला असेल तर गोष्ट बदलते. त्या माणसाने ‘आत्ता सही केली नाहीत तर दवाखाना याला कचऱ्याच्या गाडीत देईल’ असं काही खोटं सांगून घाई केली होती का? केली असेल तर त्याचे शब्द जसेच्या तसे आजच लिहून काढा, खाली तारीख घाला. सहा महिन्यांनी आठवलेले शब्द कोर्टात फिके पडतात.

आता मुलीचं बरोबर असलेलं अर्धं. जे अजून झालेलं नाही, ते थांबवता येण्याची शक्यता चांगली आहे. विक्रेत्याच्या दुकानाबाहेर, ग्राहकाला गाठून केलेल्या विक्रीकडे अनेक देशांचे कायदे संशयाने बघतात. युरोपीय संघाच्या 2011च्या ग्राहकहक्क निर्देशानुसार अशा करारातून 14 दिवसांत कारण न देता बाहेर पडता येतं. अमेरिकेत घरी किंवा विक्रेत्याच्या नेहमीच्या जागेबाहेर झालेल्या बऱ्याच विक्रीला 3 दिवसांची मुभा आहे. तुमचा महिना उलटून गेलाय, तरी हा हक्क करारात लेखी कळवलाय का ते मी शोधलं. कळवलेला नाही. युरोपात असं झालं तर 14 दिवसांची ती मुदत वर्षभराने वाढते. मात्र ग्राहकाच्या मागणीनुसार खास बनवलेल्या वस्तूला ही सवलत नाही. मन्याचा फोटो कोरलेला दगड अगदी त्यातच बसतो.

म्हणून पैशांचं नंतर, आधी दगडाचं बघा. तो कोरून झालाय की नुसता कागदावर आहे, हे आज विचारा, आणि फोनवर नाही, लेखी. कोरला नसेल तर ‘कोरू नका’ असं त्याच पत्रात लिहा. तुम्ही नको म्हणून कळवल्यावरही कंपनीने छिन्नी चालवली, तर तो खर्च तुमच्या माथी मारणं तिला अवघड जाईल. कलम 9 मध्ये ‘कोणत्याही कारणाने करार रद्द केल्यास भरलेली रक्कम जप्त व उरलेली देय राहील’ असं दणदणीत वाक्य आहे. असली वाक्यं लिहिणारे ती भीती घालायला लिहितात. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 प्रमाणे करारात दंडाचा आकडा काहीही असो, मिळते ती वाजवी भरपाई, आणि तो आकडा ही तिची कमाल मर्यादा. इतर देशांत शब्द वेगळे आहेत, पण न झालेल्या कामाचे पूर्ण पैसे उकळायला कोर्टं सहजी मदत करत नाहीत.

वाजवी किती हे ठरवायला प्रत्येक गोष्टीची वेगळी किंमत लागेल, आणि तुमच्या करारात एकच ठोक आकडा आहे. यात एक गंमत आहे. अमेरिकेत माणसाच्या अंत्यविधीसाठी 1984 पासून नियम आहे की व्यावसायिकाने प्रत्येक वस्तूची आणि सेवेची किंमत सुटी-सुटी लिहून द्यायची. पेटी नको असेल तर तेवढी वगळता येते. हा नियम माणसापुरता. मांजराच्या पेटीला तो लागू नाही. म्हणजे जिथे नियम आहे तिथेसुद्धा प्राण्याचं बिल आपल्यालाच फोडून मागावं लागतं. तुम्हीही मागा.

आता पेटीत कोण होतं, याबद्दल. तुमच्या मुलीला तसा प्रश्न पडावा असा एक खटला खरोखर आहे. 1979 साली न्यूयॉर्क शहराच्या दिवाणी न्यायालयात एक बाई गेल्या. त्यांची पंधरा वर्षांची पूडल कुत्री पशुवैद्यकाच्या दवाखान्यात मरण पावली, बाईंनी तिच्या अंत्यविधीचा साग्रसंगीत बेत केला, शिलालेखासहित दगड ठरवला, दोन बहिणी आणि मैत्रीण आल्या. पेटी उघडली तर आत मेलेलं मांजर. पाळीव प्राणी ही नुसती वस्तू नाही, माणूस आणि मालमत्ता यांच्या मधली त्याची काही खास जागा आहे, असं म्हणून न्यायाधीशांनी त्यांना 700 डॉलर भरपाई दिली. निकाल वाचायला गोड आहे, पण पुढे न्यूयॉर्कमधल्याच इतर न्यायालयांनी तो फारसा उचलून धरला नाही, तेव्हा त्यावर फार भिस्त ठेवू नका. त्याहून भक्कम आधार इंग्लंडमधला 1970च्या दशकातला एक सहलीचा खटला आहे. जाहिरातीतली सुट्टी आणि मिळालेली सुट्टी यांत जमीन-अस्मानाचं अंतर निघालं, आणि न्यायालयाने मनस्तापाचीही भरपाई दिली. कारण मनाला बरं वाटावं हाच त्या कराराचा हेतू होता. प्राण्याच्या दफनाचा करार याहून वेगळा कशासाठी असतो?

पण हे सगळं चूक सिद्ध झाली तर. तुमच्याकडे आज आहे ती एक पावती. तिच्यावर ‘टॅग क्र.’ असा रकाना आहे आणि तो रिकामा आहे. माझ्या मते तुमच्या सगळ्या कागदांत हा रिकामा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. दवाखान्याच्या नोंदवहीत मन्या किती वाजता आणि कुणाच्या ताब्यात दिला, त्याच्या अंगाला कोणता क्रमांक बांधला, हे लेखी मागा. तोच क्रमांक कंपनीच्या वहीत आणि थेट प्रक्षेपणात पेटीवर दिसला, तर निश्चिंत झोपा. मन्याला चिप बसवलेली असेल तर ती दफनापूर्वी वाचली होती का, हेही विचारा. त्या चिपमध्ये बॅटरी नसते; ती स्कॅनरच्या लहरीवर जागी होते, म्हणून प्राणी गेल्यावरही नंबर देते. उकरून बघायच्या फंदात मात्र पडू नका. नोंदी जुळल्या नाहीत तर पुढचं बघू. दहन केलं असतं तर ही शंका फेडणं आणखी कठीण झालं असतं. राखेतून कोण जळलं हे सांगण्याजोगं जवळजवळ काही उरत नाही.

आता ‘आजीवन स्मृतिस्थळ’. हा शब्द वाचून मी आधी हसले, माफ करा. कुणाचं आजीवन? मन्याचं तर संपलं. तुमचं? कंपनीचं? उत्तर कलम 12 च्या तिसऱ्या ओळीत आहे : ‘सदर सेवा मूळ जमीनमालकाशी असलेल्या भाडेपट्ट्याच्या मुदतीस अधीन राहील.’ म्हणजे जमीन कंपनीची नाहीच. तुम्हाला मिळालेली आहे ती भाड्याच्या जागेतली परवानगी, आणि ज्याच्याकडे स्वतः जमीन नाही तो तुम्हाला आजीवन काय देणार? भाडेपट्टा किती वर्षं उरलाय, तो संपल्यावर अवशेषांचं काय होणार, वार्षिक पैसे थांबवले तर काय होणार, या तिन्हींवर करार गप्प आहे. हे तिन्ही प्रश्न पत्रात घाला. उत्तर आलं नाही तर ‘आजीवन’ ही दिशाभूल होती असं म्हणायला तुम्हाला जागा मिळते, आणि तेवढा भाग परत मागायलाही.

नावाजलेल्या स्मशानांचंही याबाबतीत काही वेगळं नाही. पॅरिसजवळच्या आस्निएरमध्ये 1899 मध्ये प्राण्यांसाठी देखणी दफनभूमी उघडली. 1987 मध्ये ती बंद पडायच्या बेतात होती. ती वाचली कारण तिला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. तुमच्या कंपनीच्या वाट्याला असा दर्जा येईल असं मला वाटत नाही.

त्यामुळे पन्नास वर्षांची देखभाल एकरकमी अजिबात भरू नका. आणि ती रक्कम मृत्युपत्रात लिहून ठेवायचा विचारही करू नका. तुमच्यानंतर कुणी खरंच गवत काढलं का हे विचारायला मन्या कोर्टात जाऊ शकत नाही. ज्यावर दावा करणारा कुणी नाही असल्या तरतुदींकडे न्यायालयं जपूनच बघतात. इंग्लंडमध्ये 1932 च्या एका निकालात थडगी आणि स्मारकं सांभाळण्यासाठी ठेवलेला पैसा 21 वर्षांपुरताच मान्य झाला, आणि ती थडगी माणसांची होती.

तुमच्या रक्षेचंही तसंच. माणसाचे आणि प्राण्याचे अवशेष एकत्र ठेवण्याचे नियम जागोजागी वेगळे आणि बहुधा कडक असतात. अमेरिकेतल्या हॉटेल व्यवसायातल्या लिओना हेल्म्सली यांनी 2007 मध्ये आपल्या ‘ट्रबल’ या कुत्रीसाठी 1 कोटी 20 लाख डॉलर ठेवले. न्यायाधीशांनी ते 20 लाखांवर आणले. ट्रबल आपल्याशेजारीच विसावावी असंही त्यांनी लिहून ठेवलं होतं, पण दफनभूमीने नकार दिला. इतका पैसा असून जे जमलं नाही ते एक सेल्समन फोनवर जमवून देतो म्हणतो. त्याला म्हणा, परवान्याची प्रत पाठव.

शेवटी तुमचा दुसरा प्रश्न. वकिलाने याचं उत्तर देऊ नये असं माझे सहकारी म्हणतील. पण तुम्ही खरं सांगा म्हणालात. इस्राएलमधल्या ऐन मल्लाहा इथे सुमारे बारा हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं : माणूस कुशीवर, आणि त्याचा हात एका पिलाच्या अंगावर. तेव्हा प्राण्याला नीट निरोप द्यावासा वाटणं हा काही अलीकडचा खुळेपणा नाही, आणि मुलीने त्यावरून तुम्हाला हसू नये. मन्या योग्य खोलीवर पुरला गेला यालाही मोल आहे. प्राण्याला मरण देण्यासाठी सहसा जे औषध वापरतात ते शरीरात बराच काळ राहतं, आणि उथळ पुरलेलं शरीर उकरून खाणारा दुसरा प्राणी त्याने मरू शकतो. नेमका मन्याच, नीट, ठरल्या जागी पुरला जाणं, त्याची नोंद राहणं, आणि तुम्हाला जावंसं वाटेल तेव्हा जाता येणं, एवढ्यावर मी माझ्या मांजरीसाठीही खर्च केला असता. चार किलोच्या देहाला पॉलिशची पेटी आणि सॅटिन? ते मातीखाली गेलं त्या क्षणी कुणालाच दिसेनासं झालं. ते पैसे गेले असं समजा आणि स्वतःला दोष देत बसू नका.

आता पत्र. कंपनीला ईमेल आणि पोचपावतीसह टपाल, दोन्हीकडून हाच मजकूर पाठवा : “झालेल्या दफनाची, पेटीची व वाहतुकीची स्वतंत्र किंमत सात दिवसांत कळवावी, ती वाजवी असल्यास माझ्या आगाऊ रकमेतून वळती करून उरलेली परत करावी, कमी पडत असल्यास फरक देईन. दगडाचं काम सुरू नसल्यास करू नये. देखभाल व स्मृतिस्थळाची पुढील सेवा मी थांबवत आहे. भाडेपट्ट्याची उरलेली मुदत व मुदतीनंतर अवशेषांची व्यवस्था, तसेच दवाखान्यातून ताब्यात घेताना लावलेला टॅग क्रमांक लेखी कळवावा.” तोवर हप्ता भरू नका, पण फोनही टाळू नका. ‘पत्र पाठवलंय’ एवढंच म्हणा आणि ठेवा.

दगड कोरून झाला असेल तर वाद घालत बसू नका. पैसे भरलेला दगड तुमचा. कंपनीच्या भाड्याच्या जागेतच तो बसवावा असं करारात कुठेही म्हटलेलं नाही, मी मुद्दाम तपासलं. आस्निएरच्या प्रवेशद्वाराशी बॅरी या सेंट बर्नार्ड कुत्र्याचं भलंमोठं स्मारक आहे, पण बॅरी तिथे नाही. तो 1814 मध्ये गेला आणि आजही पेंढा भरून स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संग्रहालयात आहे. तेव्हा मन्याचा दगड मन्याच्या वरच हवा असं काही नाही. टेम्पो पाठवा, दगड घरी आणा, आणि पोच घ्यायला विसरू नका.