बॅटरीसाठी राखीव ठेव मोडावी का?

छतावर सौर पॅनेल बसवून तीन वर्षे झाली आहेत, आता 10 युनिट साठवणारी लिथियम बॅटरी घेण्यासाठी अडीअडचणीला राखलेली ठेव मोडावी का, असे आपण विचारले आहे. पाच वर्षांत पैसे वसूल होतील असे विक्रेता सांगतो, पण घरात एकमत होत नाही. घरच्यांचा हा संकोच मला रास्त वाटतो, कारण खर्च आज एकरकमी होतो आणि बचत मात्र दरमहा थोडी थोडी हाती येते.

सर्वांत आधी वीजबिल पाहावे. दिवसा ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, दिलेली जादा वीज रात्रीच्या वापरातून पूर्ण वजा होत असेल, तर ग्रिडच आपली बॅटरी आहे. उलट खरी बॅटरी भरताना-वापरताना सुमारे दहा टक्के वीज वाया जाते, म्हणजे बचतीच्या दृष्टीने हाती काहीच लागत नाही. दिलेल्या विजेला कमी दर मिळत असेल, तरच पुढचे गणित मांडण्यात अर्थ आहे.

बॅटरी रोज पूर्ण भरून रिकामी झाली आणि दहा वर्षांत तिची क्षमता 70 टक्क्यांवर आली, असे धरले तर तिच्यातून साधारण 31,000 युनिट मिळतील. बॅटरी, इन्व्हर्टर, उभारणी आणि ठेव मोडल्याने बुडणारे व्याज यांच्या बेरजेला या आकड्याने भागले की साठवलेल्या एका युनिटचा खर्च कळतो. तो वीज विकत घेण्याच्या आणि विकण्याच्या दरांतील फरकापेक्षा कमी हवा. विक्रेत्याचा हिशेब बहुधा रोजच्या पूर्ण वापरावर उभा असतो. आपला रात्रीचा वापर पाचच युनिट असेल, तर हा खर्च जवळजवळ दुप्पट होतो.

भाव आणखी उतरतील म्हणून थांबावे, हा घरच्यांचा मुद्दाही निराधार नाही. लिथियम बॅटरीचे भाव 2010 पासून नऊ-दशांशांहून अधिक उतरले आहेत. उभारणीचा खर्च मात्र तसा उतरत नाही.

वीज वारंवार जात असेल तर प्रश्न वेगळा होतो. तो खर्च विम्यासारखा मानावा, बचतीत धरू नये, आणि फ्रिज, दिवे, पंखे एवढ्यापुरती लहान बॅटरी पुरते का ते आधी तपासावे. येथे अनेकांची फसगत होते: ग्रिडला जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर, तारांवर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी, वीज जाताच बंद पडतो, आणि बॅकअपची स्वतंत्र जोडणी नसेल तर भरलेली बॅटरी असूनही घर अंधारात राहते. आपला सध्याचा इन्व्हर्टर बॅटरी स्वीकारतो की तोही बदलावा लागेल, हे लेखी घ्यावे. वॉरंटीत वर्षांबरोबर एकूण युनिटचीही मर्यादा असू शकते, तीही वाचावी.

ठेव मात्र मोडू नये. आजारपण किंवा नोकरीतील खंड आला, तर भिंतीवर बसवलेली बॅटरी मूळ किमतीला विकून पैसा उभा करता येत नाही. वरचे गणित आपल्या बाजूने आले, तर दरमहा वेगळी रक्कम बाजूला काढून त्यातून लहान क्षमतेची, पुढे वाढवता येईल अशी बॅटरी घ्यावी.