आरजीबी-आयआर सेन्सरचा (लाल, हिरव्या, निळ्यासोबत इन्फ्रारेडचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचेही पिक्सेल असलेला) कॅमेरा घ्यावा की दिवसा इन्फ्रारेड अडवणारा आणि रात्री बाजूला सरकणारा फिल्टर असलेला नेहमीचा डे-नाइट? पहिल्यात रंग बिघडतात म्हणे, खरं का?

बिघडतात. आणि 'व्हाइट बॅलन्स नीट लावला की झालं' असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. त्या एका वाक्यापायी माझे दोन आठवडे गेले. व्हाइट बॅलन्स म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून प्रत्येक रंगाला एका आकड्याने, म्हणजे गेनने, गुणणं.

प्रवेशद्वारावरच्या अशाच आरजीबी-आयआर कॅमेऱ्याचं रंगांचं कॅलिब्रेशन, म्हणजे रंग खरे दिसतील असे जुळवणं, माझ्याकडे होतं. चाचणीत एका सहकाऱ्याचा काळा कोट उन्हात चक्क मरून दिसला. वरिष्ठ म्हणाले, "व्हाइट बॅलन्स चुकलाय, गेन बदल." बदलला. कोट जरा काळपट झाला तर चेहरे हिरवट. पुन्हा बदल, पुन्हा तेच. एकदा तोच कोट आत एलईडी दिव्याखाली पाहिला, तर कोळशासारखा काळा! तिथे डोक्यात प्रकाश पडला. पांढऱ्या एलईडीत इन्फ्रारेड जवळपास नसतं, उन्हात भरपूर. कृत्रिम धाग्यांवरचे बरेच काळे रंग दिसणारा प्रकाश शोषतात, पण ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पुढचा, म्हणजे इन्फ्रारेड, परतवतात. सेन्सरच्या सिलिकॉनला साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंतचं कळतं आणि पिक्सेलवरचे रंगीत फिल्टर ते अडवत नाहीत, लाल तर सर्वांत कमी. लेन्सपुढे इन्फ्रारेड अडवणारी आयआर-कट काच धरली आणि कोट काळा झाला.

म्हणजे ही भेसळ बेरजेची: प्रत्येक रंगात इन्फ्रारेड मिसळलेलं. व्हाइट बॅलन्स करतो गुणाकार. बेरजेची चूक गुणाकाराने कशी जाणार? आयआर पिक्सेलचं मूल्य प्रत्येक रंगातून त्याच्या प्रमाणात वजा करावं लागतं, तेही व्हाइट बॅलन्सच्या आधी. मी ते केलं, रंग जागेवर आले. अहवालात मात्र 'व्हाइट बॅलन्समध्ये सुधारणा' असंच लिहिलं गेलं. ते मला आजही खुपतं.

तुमच्यासाठी: दिवसाचे रंग महत्त्वाचे असतील तर फिल्टर सरकणाराच घ्या. रंगीत आणि इन्फ्रारेड चित्र एकाच क्षणी हवं असेल, तरच आरजीबी-आयआर. घेण्याआधी काळ्या कृत्रिम कापडाचं उन्हातलं चित्र मागून बघा.

वजाबाकीलाही मर्यादा आहे, हे सांगायला हवं. इन्फ्रारेड इतकं जास्त असेल की रंगाचा पिक्सेल भरून गेला, तर वजा करायला खरा आकडाच उरत नाही, आणि अंधुक प्रकाशात वजाबाकीने नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, वाढतो. शिवाय सगळीच काळी कापडं अशी फसवत नाहीत, म्हणून दोन-तीन वेगवेगळी ठेवून बघा.