'पुरस्कर्ते' की 'पुरस्कृत'?

सोलापूरच्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय : "ऊर्जाधोरणावरच्या प्रकल्पात मी 'अणुऊर्जेचे पुरस्कर्ते गट' असं लिहिलं. सरांनी ते खोडून 'अणुऊर्जा लॉबी' केलं. मैत्रीण म्हणते, 'समर्थक' पुरे. बरोबर काय?"

तिन्ही शब्द चालतात, फक्त एकाच गटाला नाही.

'लॉबी' आपल्याकडे रुळली ती साखरेमुळे. 'साखर लॉबी' म्हणजे काय, हे सोलापूर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मंत्रालयात आणि दिल्लीत वजन वापरते ती लॉबी. लेख लिहून, सभा घेऊन लोकांचं मत वळवणाऱ्यांना तो शब्द सैल बसतो. 'समर्थक' तर फारच पातळ. कट्ट्यावर वाद घालणाराही समर्थकच.

'पुरस्कर्ता' चांगला. पुरस् म्हणजे पुढे. एखादा विचार पुढे मांडतो तो पुरस्कर्ता. पृथ्वी एखाद्या सजीवासारखी स्वतःला सावरते, ही 'गाया' संकल्पना मांडणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक २००४ मध्ये तापमानवाढीच्या धास्तीनं अणुऊर्जेच्या बाजूनं जाहीरपणे लिहिते झाले. पटो न पटो, त्यांना हा शब्द शोभतो.

पण त्याच घडणीचा 'पुरस्कृत' बघा. हा स्वतः पुढे आलेला नसतो, त्याला कुणीतरी पुढे केलेलं असतं. (बक्षीसवाला अर्थ इथं बाजूला ठेवू.) झेडपीच्या निवडणुकीत 'अमुक पक्ष पुरस्कृत अपक्ष' असतो ना, अगदी तसं! अमेरिकेत २००६ मध्ये 'क्लीन अँड सेफ एनर्जी कोअलिशन' निघाली. चेहरे दोन : ग्रीनपीसच्या सुरुवातीच्या काळातले पॅट्रिक मूर आणि तिथल्या पर्यावरण खात्याच्या माजी प्रमुख क्रिस्टीन टॉड व्हिटमन. नाव आणि चेहरे पर्यावरणवाद्यांचे. पैसा मात्र 'न्यूक्लिअर एनर्जी इन्स्टिट्यूट'चा, म्हणजे अणुउद्योगाच्याच व्यापारी संघटनेचा. २०१४ मध्ये आलेल्या 'न्यूक्लिअर मॅटर्स'चे चेहरे माजी सिनेटर होते आणि पाठबळ होतं अणुवीज विकणाऱ्या एक्झेलॉन कंपनीचं. अशांना 'पुरस्कर्ते' म्हटलं की वाचक फसतो. 'उद्योगपुरस्कृत' लिहावं, आणि सोबत पैसा कुणाचा तेही लिहावं.

'बोलविता धनी' हा शब्दप्रयोग इथं मोह पाडतो. तुकोबांच्या अभंगात तो 'शिकविता धनी' आहे : साळुंकी गोड बोलते, शिकवणारा वेगळाच. तिथं ती नम्रता आहे. आज आपण तो संशयानं वापरतो. अग्रलेखात शोभेल, प्रबंधात नको. पैसे घेणाऱ्याला ते मत मुळातच पटलेलं असू शकतं. 'पुरस्कृत' म्हटल्यानं तो खोटं बोलतो असं ठरत नाही, 'बोलविता धनी' म्हटलं की जवळपास ठरतंच.

लंडनची 'वर्ल्ड न्यूक्लिअर असोसिएशन' 'पुरस्कर्ते' आणि 'पुरस्कृत' या दोन्हींत बसत नाही. १९७५ मध्ये ती 'युरेनियम इन्स्टिट्यूट' म्हणून निघाली, आणि ती अणुउद्योगातल्या कंपन्यांची आहे हे ती लपवत नाही. तिला सरळ 'उद्योगसंघ' म्हणावं. आणि जैतापूरच्या अणुप्रकल्पाबद्दल एनपीसीआयएल (भारतीय अणुऊर्जा महामंडळ) बोलते, तेव्हा ती प्रकल्प उभारू पाहणारी सरकारी कंपनी असते. तिला 'गट' म्हणायचं काहीच कारण नाही.