घरच्या वर्कशॉपमध्ये सुट्या वायरी आणि केबल नीट कशा ठेवाव्यात? कोणता डबा घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की दहा-बारा एक्स्टेन्शन, चार्जर आणि ऑडिओच्या वायरी एकाच ड्रॉवरमध्ये आहेत आणि दर वेळी गुंता होतो. डब्याचं नंतर बघू. गुंता डब्यात होत नाही, वायर गुंडाळतानाच तो हातात तयार होतो, आणि त्याचं कारण बहुतेक घरांत एकच: तळहात ते कोपर अशी वायर गुंडाळायची सवय. ती सोडा. "आम्ही वर्षानुवर्षं अशीच गुंडाळतो, काही होत नाही" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की एकदा नीट लिहूनच टाकतो.

मी चिरून पाहिलेली एक वायर घ्या. 15 मीटर, थ्री-कोअर (म्हणजे आत इन्सुलेशन चढवलेल्या तीन वेगळ्या तारा), प्रत्येक कोअरच्या तांब्याची जाडी 1.5 चौरस मिलिमीटर. कोपरावर एका वेढ्याला साधारण 80 सेंटिमीटर वायर जाते, म्हणजे सगळे मिळून अठराएक वेढे. हात जागेवर आणि वायर त्याच्याभोवती फिरते, त्यामुळे दर वेढ्यामागे वायरीत एक पूर्ण पीळ पडतो. आतल्या तीन कोअर मुळातच एकमेकींभोवती वळलेल्या असतात. बाहेरचा पीळ त्याच्या उलट पडला की त्या सैल होऊन फुगतात आणि वरचं आवरण नागमोडी दिसायला लागतं. ही वायर तशीच झाली होती, पण बाहेरून कुठे चीर नाही.  पिन टॉपपासून (सॉकेटमध्ये जाणाऱ्या प्लगपासून) चार बोटांवर कापलं. न्यूट्रलमध्ये, म्हणजे करंट परत नेणाऱ्या कोअरमध्ये, 0.25 मिलिमीटरच्या 30 बारीक तारा असतात. त्यातल्या पाच-सहाच धड होत्या, बाकीच्यांची टोकं काळी पडलेली आणि निळं इन्सुलेशन तपकिरी झालेलं. पीळ वायरभर सरकतो आणि पिन टॉपच्या क्लॅम्पपाशी अडतो, म्हणून मार तिथेच बसतो. मग सगळा करंट उरलेल्या पाच-सहा तारांतून जातो आणि तेवढीच जागा तापते. "काही होत नाही" म्हणणाऱ्यांनी आपली जुनी एक्स्टेन्शन पिनेपाशी एकदा वाकवून बघावी.

बरोबर पद्धत साउंडवाल्यांना विचारा: एक वेटोळं सरळ, एक उलटं. डाव्या हातात टोक धरा. उजव्या हाताने मीटरभर वायर ओढा आणि अंगठा-तर्जनीत किंचित फिरवत पहिलं वेटोळं डाव्या हातात ठेवा. दुसऱ्या वेळी उजवा हात उलटा करून, अंगठा स्वतःकडे ठेवून वायर धरा आणि हात सरळ करत आणा. वायर वेटोळ्याच्या आतल्या बाजूने येईल. पहिल्याचा पीळ दुसरं काढतं. वेटोळं 32 सेंटिमीटर व्यासाचं ठेवलंत तर एक वेटोळं म्हणजे जवळजवळ बरोबर एक मीटर, म्हणजे मोजलं की लांबी कळली. यात एकच धोका आहे. सुटं टोक वेटोळ्यांच्या मधून आरपार गेलं, तर ओढताना एकाआड एक गाठी पडतात. म्हणून टोक बाहेरच्या बाजूला आणून बांधा.

बांधायला 20 मिलिमीटर रुंद वेलक्रो, 20 सेंटिमीटरचे तुकडे. एक तुकडा पिनेच्या बाजूला वायरीलाच कायमचा अडकवून ठेवा, म्हणजे हरवत नाही. साधी सुती नाडीही उत्तम चालते. रबर बँड नको, आपल्या उन्हाळ्यात तो वितळून आवरणाला चिकटतो. इन्सुलेशन टेपचा चिकटा निघत नाही. प्लॅस्टिकचा केबल टाय करकचून आवळला की आवरणात खाच पडते.

टांगायला खिळा वापरू नका, सगळं वजन एका रेषेवर येऊन तिथे घडी पडते. 110 मिलिमीटरचा ड्रेनेजचा पीव्हीसी पाइप 10 सेंटिमीटरच्या तुकड्यांत कापा, कडा घासून घ्या आणि दोन-दोन स्क्रूंनी भिंतीवर बसवा. एका तुकड्यावर एकच वायर.

प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या कागदी पट्टीचा झेंडा करा, त्यावर लांबी आणि चौरस मिलिमीटर लिहा, वरून पारदर्शक टेप. अ‍ॅडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर मोठ्या अक्षरांत लिहा आणि कुठल्या यंत्राचा तेही. 5.5 मिलिमीटरची गोल पिन 12 व्होल्टलाही असते आणि 19 लाही. चुकीचा लागला तर राउटर गेलाच. यूएसबी केबलींपैकी नुसत्या चार्जिंगच्या कोणत्या, ते एकदा संगणकाला लावून तपासा आणि त्या वेगळ्या ठेवा.

आता डबा. यूएसबी, ऑडिओ आणि अ‍ॅडॉप्टर यांना झिपच्या पारदर्शक पिशव्या, पिशव्या झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात उभ्या. थर्माकोलच्या खोक्यात मात्र पीव्हीसी वायर कधीच ठेवू नका: वायर मऊ ठेवणारं द्रव्य थर्माकोल शोषून घेतो, तो विरघळतो आणि वायर कडक होते. कोकणपट्टीत पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल टाका, नाहीतर पितळी पिना हिरव्या पडतात. झाकण उंदरांसाठीही हवंच.

एक सांगायचं राहिलं. चाकाच्या रिळावर गुंडाळायला हरकत नाही, रीळ फिरतं म्हणून पीळ पडत नाही. पण वापरताना वायर पूर्ण सोडा. 2000 वॅटच्या कटिंग मशीनला 230 व्होल्टवर 8.7 अँपिअर लागतात, वरच्या 15 मीटर वायरीत जाऊन-येऊन सुमारे 0.4 ओहम, म्हणजे 30 वॅट उष्णता. पसरलेल्या वायरीला ती जाणवत नाही. रिळावर ती एका सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता, वेढ्यांच्या मधोमध कोंडलेली.

आणि कोपरावर गुंडाळून आधीच बिघडलेली वायर नव्या पद्धतीने लगेच वळणार नाही. उन्हात अर्धा तास पसरा, गच्चीवरून एक टोक धरून खाली लोंबू द्या, पीळ आपोआप सुटतो. तरीही नागमोड राहिली तर पिनेपासून अर्धा फूट कापून नवा पिन टॉप बसवा.