पहिला बोलेल त्याचाच निर्णय?

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमचा अकरा द्राक्ष बागायतदारांचा गट आहे. माल कोणत्या व्यापाऱ्याला द्यायचा हे बैठकीत ठरतं. दोघे जण पाच मिनिटांत निकाल लावतात, बाकीचे माना डोलावतात. नंतर पारावर मात्र ‘मला तेव्हाच शंका होती’ असं ऐकू येतं. गप्प बसणाऱ्यांना बोलतं कसं करायचं?
– एक वाचक, जि. नाशिक

उत्तर : त्यांच्या मागे लागू नका, बोलण्याचा क्रम बदला. अँडरसन आणि किल्डफ या संशोधकांनी २००९ च्या अभ्यासात गटांना गणितं सोडवायला दिली. ९४ टक्के वेळा गटाने तेच उत्तर कायम केलं, जे कुणीतरी सर्वांत आधी सुचवलं होतं. ठाम स्वभावाची माणसं गणितात सरस नव्हती. आधी आणि जास्त बोलत, म्हणून जाणकार वाटत.

तुमचं खरं नुकसान वेगळंच आहे. भाव सगळ्यांनाच माहीत असतो, म्हणून चर्चा भावावरच रंगते. त्या व्यापाऱ्याने गेल्या हंगामात कुणाचे पैसे थकवले, हे मात्र एखाद्यालाच ठाऊक असतं. तो जुळवून घेणारा असेल तर ‘कशाला वाईटपणा घ्या’ म्हणून गिळून टाकतो.

म्हणून बैठक सुरू होताच कागद वाटा. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. प्रत्येकाने नाव न घालता दोन ओळी लिहायच्या : माल कुणाला द्यावा, आणि त्या व्यापाऱ्याबद्दल इतरांना बहुधा माहीत नसलेली एक गोष्ट. दुसरी ओळ रिकामी सोडू देऊ नका. गावात अक्षर लगेच ओळखू येतं, तेव्हा सचिवाने एकट्याने वाचून सगळं फळ्यावर उतरवावं. ते पूर्ण होईपर्यंत टीका नाही. मग एकेकाने बोलायचं. अध्यक्ष आणि ते दोघे शेवटी. निर्णय पुन्हा चिठ्ठीनेच. व्हॉट्सअ‍ॅपवर मत मागवलंत तर पहिल्या अंगठ्यामागे बाकीचे अंगठे येतील.

हे फसतं ते बहुतेक चहापाशी. कागद वाटण्याआधी विषय निघाला की पुढचं सगळं नाटक. दुसरी चूक उशिराची : तोडणी तोंडावर आली की थांबायला कुणालाच वेळ नसतो आणि ठाम माणूस आपोआप जिंकतो. मण्यांत पाणी उतरू लागताच, म्हणजे द्राक्षं पिकू लागताच, बैठकीला बसा. ॲडव्हान्स किती, पैसे किती दिवसांत, हे तेव्हाच ठरवा.

स्वभावाच्या चाचण्या भरून घेऊ नका. भावाच्या वेळी मुका असणारा फवारणीचा विषय निघाला की तासभर बोलतो.

त्या दोघांना नवा क्रम आधी एकट्यात सांगा, चारचौघांत नको. आणि वसुलीचं काम त्यांच्याकडेच द्या. तो आवाज तिथे उपयोगी पडेल.